नवरदेवाच्या गाडीले चिखलाचे टायर

नाही, त्याले सांगजो शालिक, टायर सस्ते नव्हते. त्या दुकानात जे सगळ्यात भारी होते, तेच घेतले होते मी. लाखांदूरच्या बाजारात जो मानूस सांगत हिंडून राहिला ना, का 'आमच्या साळ्यानं नवरदेवाच्या गाडीले भंगारातले टायर लावले', तो माह्या बहिनीचा नवरा आहे म्हनून गप आहो. दुसरा कोनी असता तर आतापर्यंत त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो.

हिरामन भाऊजीले म्हना, चूक झाली. माहीच झाली. पन सस्तेपनाची नाही झाली. हा दयाराम सस्तं घेत नाही.

तुमी पन बसा जी. चहा सांगितला का? तुमच्या कानावर अर्धी गोष्ट आलीच आहे, तर आता पुरी ऐका. अर्धी गोष्ट मले भलती झोंबते.

माहा भाचा भोजराज, हिरामनचा पोरगा, तुमाले माहीत आहे. मागच्या साली त्यानं ते चार चाकाचं यंत्र आनलं. जंगलाकडचा एक रिसॉर्ट बंद पडला, तिथं पाहुने फिरवाचे त्याच्यावर. हँडल फटफटीचं, चाकं चार, छप्पर नाही, दार नाही. क्वाड म्हनतात त्याले. त्याच्या गावातले लोक बेंडूक म्हनतात. बसेल दिसते अन् एकदम उडते.

अन् उडवाले जागा पन आहे. त्याच्या गावापाशी उन्हाळ्यात नदी एका कडेले सरकते. घोट्याएवढी धार राहते, बाकी सारी रेती. वाऱ्यानं तिचे टेकाडं होतात, छातीएवढे, काही तर डोक्याएवढे. पोट्टा रविवारी सकाळी जाते अन् या टेकाडावरून त्या टेकाडावर करत बसते.

आता पोरगी कुठची ठरली? नदीच्या पलीकडची. वैशाली. तिचा बाप त्याच रेतीत टरबुजाची वाडी लावते. म्हनजे पोट्टा दर रविवारी कोनाले उडून दाखवत होता, ते मले सुपारी फुटल्यावर समजलं.

पुलावरून जा तर अर्ध्या तासाचा फेरा. रेतीतून जा तर मांडव डोळ्यानं दिसते. भोजराजनं पोरीले कबूल केलं, का मी लग्नाले रेतीतूनच येईन, बेंडकावर बसून. अन् आपल्याकडं नवरदेवाले मांडवात कोन नेते? मामा. म्हनजे मी. अकराचं लग्न. अकराच्या आत पोरगा मांडवात उभा करनं माह्या डोक्यावर. त्यात कमीजास्त झालं तर लोक मानूस मेल्यावर पन सोडत नाही. त्याच्या नातवाले सांगतात, तुह्या आज्यानं भाच्याचं लग्न चुकवलं.

आता गाडीचे टायर घासून साबनाच्या वडीवानी झाले होते. लग्नाले पंधरा दिवस राहिले अन् भोजराजचा फोन आला.

"मामा, मले सुट्टी नाही. तुमी नागपूरले जाऊन टायर आनता का? तुमाले टायरातलं समजते."

पाहा, हे त्याचंच वाक्य आहे. तुमाले टायरातलं समजते. मानसाले असं सांगाव नाही, मानूस बिघडते.

"सांग, कसे पायजे?"

"मागं पॅडलचे. म्हनजे गुळगुळीत टायर अन् त्यावर आडव्या उंच पट्ट्या. वल्हं कसं पानी मागं ढकलते, तशी रेती ढकलते."

"अन् पुढं?"

"पुढं गुळगुळीतच. मधात फक्त एक कंगोरा, वळाले."

"टकले टायर?"

"हो मामा."

"अन् हवा?"

"एकदम कमी. टायर खाली पसरलं पायजे."

"म्हनजे टकले अन् वरून पंक्चर."

"मामा, मी पाहून ठेवलं आहे सारं मोबाईलवर."

मी फोन ठेवून देल्ला. मोबाईलवर पाहून ठेवलं म्हने. मी पंचवीस वर्षं टॅक्टर चालवून राहिलो. पराटीत नाही, गव्हात नाही, धानाच्या बांधीत, पानी भरेल वावरात. तुमी सारे धानवाले आहा, तुमीच सांगा, चिखलात टॅक्टरले काय लावतो आपन? लोखंडी चाकं. दाताचे. ते चाक चिखलात जाते खाली, खाली, अन् मग कडक तळाले लागते. तळ लागला का दात गाडते अन् गाडी निघते. टकलं टायर लावून कोनी बांधीत उतरला आहे का आजपर्यंत? उतरला असन तर तो अजून तिथंच असन.

मंग रेती म्हनजे काय? मी मनात म्हनलो, रेती म्हनजे कोरडा चिखल.

हे माह्या डोक्यात बसलं. अन् माह्या डोक्यात बसलं का ते घरजवाई होते, उठत नाही.

नागपूरले गेलो. दुकानदार पिकल्या केसाचा, नाकावर चष्मा, बोलनं असं शांत का मले पाहूनच राग आला. त्यानं विचारलं, "गाडी कुठं चालवाची आहे?"

"रेतीत."

"मंग मागं पॅडल, पुढं एका कंगोऱ्याचे."

"भाच्यानं फोन केला का तुमाले?"

"कोन भाचा?"

"जाऊ द्या. ते वरचे दाखवा, मोठ्या दाताचे."

"ते चिखलाचे आहेत काका."

"चिखलाचेच पायजे. चारी तेच द्या."

"रेतीत ते फिरले का खड्डा करतात. गाडी खाली जाते."

"खाली गेलीच पायजे. खाली गेल्याबिगर पकड कशी येईन? तुमी बांधी पाहिली का कधी? धान कुठून येते माहीत आहे का?"

तो बिचारा म्हने, "किराना दुकानातून." तो गंमत करून राहिला होता. मी नाही हसलो.

मंग त्यानं गाडीच्या चालीचं काढलं. म्हने, चाकं थोडी बाहेर घ्या, मधात स्पेसर टाकतो, गाडी टेकाडावर कलंडत नाही. हे मले पटलं, बैलबंडी रुंद असली का उलटत नाही. म्हने, शॉकअप नरम करून घ्या, टेकाडावरून उतरताना दनका बसत नाही. मी म्हनलो, कडक कर, नवरदेव आहे तो, पाळन्यातलं लेकरू नाही. म्हने, हँडलले झटके खानारं एक यंत्र येते, हात दुखत नाहीत. मी म्हनलो, हात कायले आहेत मंग?

"अन् हवा मी कडकच भरनार," मी म्हनलो. "टन टन वाजली पायजे."

दुकानदारानं चष्मा वर सरकवला. मंग म्हने, "काका, मी पुन्हा सांगतो."

"तुमी सांगू नोका, गॅरंटी लिहून द्या. टायर कुठं फसले तर जबाबदार कोन, हे कागदावर पायजे."

"कागदावर पायजे?"

"कागदावरच पायजे."

त्यानं बिलाच्या मागं शांतपनं चार ओळी लिहिल्या. म्हने, सही करा. मी झटक्यात सही केली. चष्मा घरी होता, अन् असता तरी मी चौथी शिकेल मानूस, त्याचं अक्षर डाक्टरसारखं. मी म्हनलो, पाहा, कडक बोललं का दुकानदार कसा लिहून देते. घडी केली, खिशात टाकली.

घरी येऊन तीन दिवस आपल्या साऱ्या एकोडी गावाले ती घडी दाखवली. शालिक, तुले पन दाखवली होती ना? उघडून नाही दाखवली. गॅरंटी कोनी उघडते का?

बरं, मी न तपासता पाठवले असंही नाही. टेम्पोवाल्याकडून भोजराजचं बेंडूक इकडं आनलं, टायर लावले, मोटर लावून एक बांधी भिजवली अन् तिच्यात उतरवलं. बायको बांधावरून म्हने, "लग्नाच्या तोंडावर कायले चिखल करून राहिले जी?" मी म्हनलो, पाह्य. अन् काय चाललं ते. चारी चाकं चिखल उडवत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी बोटभर चिखलात माखलो, पन छाती अशी झाली. म्हनलो, झाली परीक्षा.

आता तुमाले समजलं असन का मी रेतीची परीक्षा चिखलात घेतली. मले त्या दिवशी नाही समजलं.

लग्नाच्या सकाळी भोजराजनं टायर पाहिले. गाडीले फुलं लावेल, आंब्याचे पानं लावेल, अन् हा खाली वाकून पाहते.

"मामा, हे चिखलाचे आहेत."

"गॅरंटी आहे," मी म्हनलो अन् खिसा थोपटला.

"अन् पुढं हे पोते कायचे?"

"रेतीचे. दोन. पुढच्या अंगाले वजन पायजे, नाही तर गाडी तोंड उचलते. चिखलनीत टॅक्टरले टाकतो तसेच."

"रेतीत जाले रेतीचे पोते?"

बहीन मधात आली. "दादा, पुलावरून न्या ना बाप्पा. जीप उभी आहे." हिरामन भाऊजी पन म्हनले, "दयारामजी, बँडवाले, वऱ्हाडी, सारे पुलावरूनच जाऊन राहिले. एका गाडीसाठी कायले तान घेता?"

मी म्हनलो, "तुमी जा बँड घेऊन फेऱ्यानं. तुमी पोचाल तवा आमी मांडवात शरबत पिऊन राहिलो असू."

हे वाक्य मी वीस-पंचवीस वऱ्हाड्यांसमोर बोललो. मोठ्यानं बोललो.

दहाले निघालो. भोजराज चालवाले, मी मागं, एका हातानं त्याच्या फेट्याचं टोक धरेल. धारेपाशी रेती ओली होती, कडक. तिथं गाडी अशी चालली का मी पलीकडच्या लोकायले हात केला. त्यायनी पन हात केले. मांडवातून लहान-मोठे सारे काठावर आले होते पाहाले.

मंग धार ओलांडली अन् कोरडी रेती सुरू झाली.

पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशी गाडी दबली. थोडीशीच. मी म्हनलो, "रेस दे."

"मामा, रेस दिली का खाली जाते."

"जाऊ दे खाली. तळ लागन."

त्यानं रेस देल्ली. चारी चाकं फिरली, दातायनी रेती अशी काढली जशी विहीर खोदाले घेतली. गाडी वीतभर खाली.

"मामा, तळ कुठं आहे?"

"येते, येते. दे अजून."

अजून देल्ली. हातभर खाली. पाय ठेवाची जागा रेतीले टेकली.

"मामा."

"थोडाच राहिला असन."

मंग गाडीचं पोट रेतीवर बसलं अन् चाकं हवेत फिरल्यावानी फिरू लागली. बेंडूक जसं गाळात बसते ना, फक्त डोळे बाहेर, तसं. त्या जागी मले पहिल्यांदा समजलं का बांधीले तळ असते. आपनच वर्षानुवर्षं नांगरून, चिखलून तो कडक करतो. नदीच्या रेतीले तळ नाही. असन तरी तो आपल्यासाठी नाही.

पन समजलं म्हनून कबूल करतो का मानूस? मी उतरलो अन् हातानं रेती उपसू लागलो. इकडं एक ओंजळ काढा, तिकडून दोन ओंजळी आत येतात. ऊन असं का रेती चटके देऊन राहिली. भोजराज एका पायावर उभा, मंग दुसऱ्या पायावर. नवरदेवाचे जोडे पातळ असतात.

पलीकडचे लोक आधी हात करत होते. मंग हात थांबले. मंग ते बसले. उभ्यानं पाहत होते तोपर्यंत ठीक होतं, लोक बसून पाहाले लागले का समजाचं का आपन तमाशा झालो.

अन् मंग बँड ऐकू आला. आमच्या मागून नाही. समोरून. वऱ्हाड पुलावरून फिरून मांडवात पोचलं होतं. हिरामन भाऊजी काठावर येऊन उभे राहिले. हातात गिलास होता. शरबताचा.

साडेदहा वाजून गेले. म्हनलो, चुकवलं आपन. भाच्याचं लग्न चुकवलं.

"मामा, पायी जाऊ," भोजराज म्हने.

"नवरदेव पायी नाही जात."

"मंग काय लग्न इथं आनू?"

तो असं म्हनला अन् मी वर पाहिलं, तर लग्न खरंच येऊन राहिलं होतं. म्हनजे नवरी. पिवळं लुगडं, कपाळावर मुंडावळ्या, हात हळदीचे, अन् पायात बापाचे वाडीतले रबरी बूट. मागं तिच्या दोन मावशा काठावरून ओरडून राहिल्या, "अवो वैशाली, नवरी अशी जात नाही वो." ती काही थांबली नाही. लहानपनापासून त्या रेतीत टरबुजं वाहून राहिली ती, टेकाडं अशी चढली जशी आपल्या घरच्या पायऱ्या.

आली, गाडीकडं पाहिलं, भोजराजकडं पाहिलं नाही. मले म्हने, "मामाजी, आधी पाया पडू का आधी हवा सोडू?"

मी खिशातून घडी काढली. म्हनलो, "पोरी, मी असातसा टायर नाही आनला. गॅरंटी आहे. वाच."

तिनं उघडली. मोठ्यानं वाचली.

"हे टायर चिखलाचे आहेत. रेतीत गाडी रुतेल. दोनदा सांगितलं, ऐकत नाहीत. हवा कमी ठेवा, वजन ठेवू नका. वरील मजकूर मला समजला." मंग थांबली अन् म्हने, "खाली सही दयाराम म्हनून आहे. हे कोन मामाजी?"

भोजराज रेतीवर बसला. एवढे चटके बसून राहिले होते, तरी बसला. हसता हसता त्याचा फेटा सुटला.

पोरीनं केसातली पिन काढली, टायरच्या व्हॉलमधी दाबली. चारी टायरची हवा सोडली, असे पोट पसरेल झाले ते. मंग म्हने, ते पोते रिकामे करा. रेती नदीले वापस दिली. रिकामे पोते मागच्या चाकापुढं अंथरले. चाकापुढची रेती उपसून उतार केला. भोजराजले म्हने, "बस, अन् एकदम हळू सोड. रेस नोको." मी मागं बसाले पाय उचलला.

"मामाजी," ती म्हने, "तुमी नोका."

"काहून?"

"वजन." अन् चिठ्ठीवर बोट ठेवलं.

मंग ती मागं बसली. गाडी हलली, पोत्यावर चढली, कुथत कुथत टेकाडाच्या कडेकडेनं निघाली. चिखलाचेच टायर, बरं. फक्त हवा कमी अन् मी नाही. एवढ्यानं निघाली.

मी मागं रेतीतून चालत निघालो, डोक्यावर पोतं घेऊन. आपल्याकडं नवरदेवाले मामा नेते. इथं नवरदेवाले नवरीनं नेलं अन् मामा सामान घेऊन मागं आला. मी मांडवात पाय ठेवला तवा अक्षता वाटून झाल्या होत्या. कोनी तरी चार दाने माह्या हातावर टेकवले. शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं. लग्न वेळेवर लागलं. हे मात्र लिहून ठेवा.

जेवनाच्या पंगतीत भोजराजनं ती चिठ्ठी बापाले दिली. मी समोरच बसेल होतो. हिरामन भाऊजीनं चष्मा लावला. पुरी वाचली. सहीपर्यंत वाचली. माह्याकडं एक नजर पाहिलं, चिठ्ठीची घडी केली अन् आपल्या खिशात टाकली. म्हनले, "दयारामजीले बुंदी वाढा." बस.

अन् आता, दोन हप्त्यानं, बाजारात सांगून राहिले का साळ्यानं सस्ते टायर आनले. तोंडावर नाही बोलले, मागून बोलून राहिले. याचाच राग आहे मले. अबे, जे झालं ते सांग ना. हट्टी होता म्हन, ऐकलं नाही म्हन, न वाचता सही करते म्हन. पन सस्ते टायर?

काय? काय म्हनला शालिक? हसू नोको, धड म्हन.

"भाऊजीनं चिठ्ठी वाचली होती ना?"

हो, वाचली. सांगितलं ना आत्ताच.

"मंग त्याले सारं माहीत आहे. तरी तो टायरावर ढकलून राहिला. तुह्या हट्टाचं नाव नाही घेत. तो तुहं झाकून राहिला, दयाराम."

चहा थंडा झाला.

हे माह्या डोक्यात कसं नाही आलं? टायर बदनाम झाले असते अन् मी मोकळा राहिलो असतो. चिठ्ठी त्याच्या खिशात होती, लाखांदूरात कोनाले पत्ता नव्हता. अन् इथं एकोडीत मी स्वतः बसून, चहा पाजून, सहीसकट सांगितलं. कितीजन बसेल आहेत इथं? तो मागचा कोन आहे? मोबाईल कायले वर धरला बे त्यानं?

शालिक, गाडी काढ. उद्या नाही, आत्ता. लाखांदूरले जा, हिरामन भाऊजीले भेट, अन् सांग का दयाराम म्हनला, टायर सस्तेच होते. भंगारातलेच होते.

कप ठेव. ऊठ.